दर रविवारी पळून आल्यावर पोटरी भरते: रोलर, स्टिक, बॉल की मसाज गन?

तक्रार साधारण अशी असते. रविवारी १८-२० किलोमीटर पळून झालं, त्या दिवशी काही त्रास नाही. सोमवारी संध्याकाळी जिना उतरताना पोटऱ्या ओढायला लागतात, मंगळवारी सकाळी पाय टाकवत नाही. मग फोम रोलर, म्हणजे फोमचं जाड नळकांडं, काढायचा, दहा-पंधरा मिनिटं पाय त्यावर घासायचे. बुधवारी जरा मोकळं वाटतं, गुरुवारी हलकं पळणं होतं आणि पुढच्या रविवारनंतर पुन्हा तेच. महिना-दोन महिने असे गेले की रोलर कपाटावर जातो आणि मसाज गनची, म्हणजे स्नायूवर भरभर ठोके देणाऱ्या यंत्राची, चौकशी सुरू होते. गन आली की पहिले दोन आठवडे छान जातात. तिसऱ्या आठवड्यात पोटरी पुन्हा भरलेलीच.

यात दोन घोटाळे एकमेकांत अडकलेले असतात. पोटरीला न मानवणारं साधन वापरलं जातं, आणि साधनाच्या हातात नसलेलं काम त्याच्याकडून मागितलं जातं. दोन्ही सुटतात. पण त्याआधी दुखणं कोणतं आहे ते पाहावं लागतं, कारण काही दुखण्यांवर साधन लावणंच धोक्याचं आहे. घाईत असाल तरी कृपया हा पहिला भाग गाळू नका.

आधी दुखणं ओळखा

दोन्ही पोटऱ्या सारख्याच दुखतात, दुखणं पसरलेलं आहे, पळाल्यानंतर २४ ते ७२ तासांत वाढून आपोआप उतरतं: ही नेहमीची अंगदुखी. स्नायूला सवयीपेक्षा जास्त काम पडलं की त्यात बारीक इजा होते, तिचा हा परिणाम. लॅक्टिक ॲसिड साचल्याने हे होत नाही. पळणं थांबल्यावर तासाभरात ते रक्तातून निघून गेलेलं असतं, त्यामुळे ते ‘चोळून बाहेर काढायचं’ म्हणून मंगळवारी जोर लावण्यात अर्थ नाही. या दुखण्यावर पुढे दिलेली सगळी साधनं चालतात.

पळताना अचानक मागून कुणी दगड मारल्यासारखं झालं आणि त्या क्षणापासून लंगडताय, तर स्नायू फाटलेला असू शकतो. तिथे रोलर, गन, तेल चोळणं, काहीच नको. तपासून घ्या.

एकच पाय सुजला आहे, गरम लागतो, लाल किंवा ताणलेला दिसतो, बसल्या जागीही दुखतो, त्यातही नुकताच लांबचा विमान किंवा बसप्रवास, प्लास्टर, ऑपरेशन किंवा अंथरुणावरची विश्रांती झाली असेल, तर शिरेत रक्ताची गाठ असण्याची शक्यता धरायची. पायाला हात न लावता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट इस्पितळात. पळणाऱ्या धडधाकट माणसाला असं कुठे होतं, या समजुतीतच वेळ जातो.

नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा असेल आणि ती दाबल्यावर कळ जात असेल, तर हाडावर ताण आलेला असू शकतो. पळणं थांबवा आणि दाखवून या. त्यावर रोलर फिरवत वेळ काढला तर साधी विश्रांती पुरली असती ते प्रकरण फ्रॅक्चरपर्यंत जातं.

आणखी एक प्रकार बऱ्याचदा नजरेतून सुटतो. प्रत्येक वेळी पळायला लागल्यावर ठरावीक मिनिटाला, समजा बाराव्या मिनिटाला, पोटरी किंवा नडगीची बाजू दगडासारखी घट्ट होते, पाऊल बधिर होतं आणि थांबलं की दहा-वीस मिनिटांत सगळं ठीक. इथे स्नायूभोवतीच्या आवरणात दाब वाढत असतो. कितीही महागडं मसाजचं साधन आणलं तरी त्याला गुण येत नाही. क्रीडा-वैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांना मिनिटांच्या हिशेबासकट सांगा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी गन आणि कडक बॉल वापरू नये. फुगलेल्या निळ्या शिरांवर कुणीच दाब देऊ नये. मधुमेहामुळे तळव्याची जाणीव कमी झालेल्यांनी पायाखाली कडक बॉल घेऊ नये, जखम झालेली कळतसुद्धा नाही.

पोटरी एक नाही, दोन थरांची आहे

साधन निवडण्याचं सगळं गणित इथे आहे. वरचा फुगीर, दोन भागांचा दिसणारा स्नायू गॅस्ट्रोक्नेमियस. तो गुडघ्याच्या वरून सुरू होऊन टाचेपर्यंत जातो. त्याच्या खाली चपटा, रुंद सोलियस. तो गुडघ्याच्या खालून निघतो. दोघे मिळून अ‍ॅकिलिस टेंडनने, म्हणजे टाचेमागच्या जाड दोरीने, टाचेला जोडलेले आहेत. संथ, लांबच्या पळण्यात मोठा भार सोलियस उचलतो, आणि नेमका तोच हाताला लागत नाही, कारण पाय सरळ असला की वरचा स्नायू ताणून त्याच्यावर झाकण बसतं.

हे हाताने तपासून पाहा. खुर्चीवर बसा, पाऊल जमिनीवर, गुडघा काटकोनात. आता पोटरीच्या खालच्या अर्ध्या भागात, फुगवटा संपतो तिथे, दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटं आत घाला. वरचा स्नायू पिशवीसारखा सैल हलेल आणि खाली एक घट्ट पट्टी लागेल. तीच सोलियस. तिथे दाबल्यावर ‘हो, हेच’ असं झालं, तर पाय सरळ ठेवून केलेलं आजवरचं सगळं रोलिंग चुकीच्या थरावर झालं.

दुसरी चाचणी मापाची. अनवाणी भिंतीसमोर उभे राहा, पायाचा अंगठा भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर. टाच जमिनीला चिकटवून ठेवत गुडघा भिंतीला टेकवा. टेकला तर पाऊल एकेक सेंटिमीटर मागे घ्या. टाच उचलायच्या आधीचं शेवटचं अंतर पट्टीने मोजा. बऱ्याच जणांचं ते १० सेंटिमीटरच्या आसपास येतं. दोन्ही पायांत २ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर कमी अंतराच्या पायाकडे लक्ष द्यायचं. ओढ मागे पोटरीत जाणवली तर मसाजचा उपयोग होईल. घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटल्यासारखं झालं तर अडचण सांध्यात आहे, तिथे पोटरी रगडून काही मिळणार नाही.

साधन लावण्याआधी आणि नंतर हे माप घ्यायची सवय लावा. नंतर १-२ सेंटिमीटर वाढलं तर साधन आणि पद्धत दोन्ही बरोबर. काहीच हललं नाही तर ‘बरं वाटलं’ एवढ्यावर समाधान मानू नका, पद्धत बदला.

साधन नक्की काय करतं

दाबाने स्नायूतल्या गाठी ‘फुटत’ नाहीत, चिकटलेले पडदेही सुटत नाहीत. त्यासाठी लागणारा जोर आपल्या हातात नाही आणि असता तर स्नायूच चिरडला असता. होतं असं, की दाब आणि हालचालीमुळे मज्जासंस्था त्या स्नायूचा ताण थोडा सोडते, दुखण्याची जाणीव कमी होते आणि सांधा काही मिनिटं जास्त वाकतो. हा परिणाम खरा आहे, पण थोड्या वेळाचा आहे. म्हणून जोर मध्यम ठेवायचा. दहापैकी पाच-सहा इतकं दुखलं तर पुरे. श्वास रोखला जातोय, दात आवळले जातायत, पावलाची बोटं आखडतायत, म्हणजे स्नायू सैल व्हायच्या ऐवजी स्वतःला वाचवायला घट्ट होतोय.

पोटरीसाठी पहिलं साधन: स्टिक

एकच वस्तू घ्यायची असेल तर मसाज स्टिक घ्या. ४०-४५ सेंटिमीटर लांब, मधल्या दांड्यावर स्वतंत्र फिरणारे मणी किंवा नळ्या, दोन्ही टोकांना मुठी. पोटरीवर ती रोलरपेक्षा सरस, कारण दाब हाताने ठरवता येतो आणि गुडघा वाकवून बसता येतं. दुकानात दोन गोष्टी बघा. दांडा दोन्ही हातांनी वाकवून पाहा: किंचित लवला पाहिजे, पण मधे कमान होईल इतका नाही. आणि दोन मण्यांमधली फट: रुंद असेल तर पायावरचे केस त्यात अडकतात आणि माणूस दुसऱ्या दिवसापासून स्टिक वापरायचं सोडतो. पॅन्टवरून वापरली तरी चालते.

बसायची पद्धत: खुर्चीच्या कडेला बसा, पाऊल पाटावर किंवा जमिनीवर सैल टेकलेलं. टाचेच्या वर चार बोटं सोडून सुरुवात करा, म्हणजे अ‍ॅकिलिसवर दाब येणार नाही. गुडघ्यामागच्या खळगीच्या चार बोटं खाली थांबा. आतली बाजू, मधली, बाहेरची असे तीन पट्टे. प्रत्येक पट्ट्यावर वर-खाली २०-३० सेकंद, घाई न करता. दुखरी जागा सापडली की स्टिक तिथेच रोखून धरा आणि पाऊल घोट्यातून दहा वेळा वर-खाली करा. हा शेवटचा भाग बहुतेक जण करत नाहीत आणि खरा फरक त्यानेच पडतो. एका पायाला दीड-दोन मिनिटं पुरतात.

घरातलं लाटणं चालतं का? चालतं, मर्यादेत. मधे जाड आणि टोकांना निमुळतं असल्याने दाब एकाच जागी येतो, आणि न फिरणारं असेल तर कातडी ओढली जाते. थोडं तेल लावून, हलक्या हाताने, आठवडाभर करून पाहा. फायदा वाटला तर स्टिक घ्या. पायाला लावलेलं लाटणं पोळ्यांना परत नको, वेगळं ठेवा.

रोलर मांडीसाठी उत्तम, पोटरीवर लंगडा

रोलर तुमच्या वजनावर चालतो. मांडीखाली घेतला तर अर्धं शरीर त्यावर येतं. पोटरीखाली मात्र येतो तो गुडघ्याखालचा पाय, ७० किलोच्या माणसाचा तो साधारण ४ किलोचा. म्हणून लोक ढुंगण उचलतात, सगळा भार मनगटांवर घेतात, मनगटं दुखायला लागतात आणि पोटरीला काहीच पोचत नाही. घरात रोलर असेलच तर दुसरा पाय त्या पायावर आडवा ठेवा, बसूनच राहा, रोलर पुढे-मागे पळवू नका. पाय रोलरवर डावीकडे-उजवीकडे हलकेच लोळवा आणि घोटा फिरवा. गुळगुळीत लादीवर रोलर निसटतो, खाली सतरंजी किंवा योगा मॅट घाला.

खरेदी करताना: लांबी ३०-३३ सेंटिमीटर, व्यास १३-१५, पृष्ठभाग साधा. उंचवटे, काटे असलेले रोलर नवख्याला सोसत नाहीत. अंगठ्याने जोरात दाबून पाहा. सहज खड्डा पडत असेल, पॅकिंगच्या पांढऱ्या फोमसारखा वाटत असेल, तर काही महिन्यांत तो मधे बसतो. आत कडक प्लास्टिकची नळी आणि वर फोमचा थर असलेला रोलर आकार धरून राहतो. रंगावरून कडकपणा ठरवू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे.

घरी करायचा तर ड्रेनेजला वापरतात तो ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, त्यातला जाड भिंतीचा प्रकार. ३३ सेंटिमीटरचा तुकडा कापून घ्या. कापलेल्या कडा सँडपेपरने घासा, कारण धारदार कड हातात किंवा पायात घुसते. जुनी ६ मिलिमीटरची योगा मॅट ३३ सेंटिमीटर रुंद आणि साधारण सव्वा मीटर लांब कापून तीन वेढे गुंडाळा. पहिला वेढा फेविकॉल एसआरसारख्या रबरी गमने चिकटवा, शेवट कापडी टेपने. व्यास साडेचौदा सेंटिमीटरच्या आसपास भरतो. फार जड व्यक्तीने यावर पूर्ण वजन टाकण्याआधी आधार धरून बघावं.

मांडीच्या बाहेरच्या बाजूची लांब पट्टी, आयटी बँड, रोलरने सैल होईल अशी आशा ठेवू नका. ती जाड, चिवट आहे, ताणली जात नाही. गुडघ्याच्या बाहेर दुखत असेल तर तिथे रगडल्याने दुखणं चिघळतं. त्याऐवजी मांडीच्या पुढच्या भागावर आणि कुल्ल्यावर रोलर फिरवा.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनसारखी शर्यत केली असेल तर हा फरक पायातच जाणवतो. अर्धी वाट यवतेश्वरचा घाट चढायचा, अर्धी उतरायचा. चढाने पोटऱ्या भरतात, उताराने मांड्या, कारण उतरताना मांडीचा स्नायू लांब होत होत ब्रेक लावत असतो आणि अशा कामानेच जास्त दुखतं. तिथून आल्यावर पोटरीला स्टिक आणि मांडीला रोलर, अशी वाटणी करा.

बॉल आणि काशाची वाटी

तळवा, कुल्ला, खुब्याची पुढची बाजू, इथे बॉल. सुरुवात साध्या टेनिस बॉलने. तो मऊ पडायला लागला की बॉक्स क्रिकेटचा जड टेनिस बॉल, हा मधला टप्पा छान आहे. लेदरचा क्रिकेट बॉल नको, त्याची शिवण रुतते. पोटरीखाली बॉल घ्यायचा तर तो जाड पुस्तकावर किंवा विटेवर ठेवा, नाहीतर टाच जमिनीला टेकून दाब येतच नाही. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेखाली कळ जात असेल तर गोठवलेली पाण्याची बाटली मोजा घालून ५-७ मिनिटं पायाखाली फिरवा.

काशाची वाटी तूप लावून तळव्याला फिरवली की झोप छान लागते, आणि ती वापरूच नका असं कुणी म्हणणार नाही. पण ती तळव्याची वस्तू आहे, सोलियसपर्यंत पोचत नाही. तळव्याला येणारा काळा रंग शरीरातून निघालेली उष्णता नसून तूप, घाम आणि काशातल्या तांब्याची प्रक्रिया आहे. काळं जास्त आलं म्हणजे गुण जास्त आला, असं समजू नका.

मसाज गन: तीन आकडे विचारा

जाहिरातीत ‘३० स्पीड’ मोठ्या अक्षरांत असतं. त्याला महत्त्व नाही. विचारायचं ते हे: डोकं किती मिलिमीटर पुढे-मागे जातं, किती किलोच्या दाबाला मोटर थांबते, आणि सगळ्यात कमी वेग किती. पोटरीला ८-१० मिलिमीटर भरपूर झाले, १२ मांडीसाठी. तळहातावर टेकवून जरा दाबा. लगेच अडखळली तर ती गन फक्त कातडी थरथरवते.

गोल, मऊ डोकं लावा, सर्वात कमी वेग, गनच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जोर नको. सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर सरकवत एका पोटरीला ६० ते ९० सेकंद, जास्तीत जास्त दोन मिनिटं. पुढच्या जागा कायमच्या वर्ज्य: गुडघ्यामागची खळगी, नडगीचं हाड, घोटा, अ‍ॅकिलिस, आणि गुडघ्याच्या बाहेर किंचित खाली लागणारं हाडाचं बोंड. त्या बोंडाला लगटून एक मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो. तिथे गन लावल्यावर पावलाच्या वरच्या भागात मुंग्या आल्या तर ताबडतोब थांबा.

दुसऱ्या दिवशी निळे डाग दिसतात, पोटरी आधीपेक्षा जास्त दुखते: एकाच जागी रोखून धरली, जोर जास्त लावला, किंवा वेदनाशामक गोळी घेऊन वापरली, ज्यामुळे मर्यादा कळलीच नाही. चार-पाच दिवस बंद ठेवा. मोठ्या शर्यतीनंतर किंवा उन्हात खूप घाम गाळल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर मसाजचा विचार सोडून लगेच डॉक्टर गाठा, स्नायू तुटून त्याचा भार मूत्रपिंडांवर आलेला असू शकतो.

गन वाईट नाही. बोटांचा संधिवात आहे, मनगट धरतं, मांडीच्या मागे हात पोचत नाही, अशांसाठी तीच पहिली निवड. बाकीच्यांनी ती शेवटी घ्यावी.

कधी करायचं

पळण्याआधी प्रत्येक पोटरीला ३० सेकंद, हलकं, आणि लगेच चालणं-जॉगिंग. पळून आल्यावर पाणी, खाणं, आंघोळ होऊ द्या, मग हलक्या हाताने. जोराचं काम दुसऱ्या दिवशी. शर्यतीत पेटका आला, जसा मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीच्या पेडर रोडच्या चढावर अनेकांना येतो, तर काहीही रगडू नका. थांबा, गुडघा सरळ, पावलाची बोटं नडगीकडे ओढून ३० सेकंद धरा, आणि मग चालत सुटा.

तरीही दर आठवड्याला परत का येतं

कारण पोटरीवर पडणारा भार तिच्या ताकदीपेक्षा जास्त आहे, आणि साधनाने ताकद वाढत नाही. आधी गेल्या सहा आठवड्यांत काय बदललं ते आठवा. १० मिलिमीटर ड्रॉपच्या (ड्रॉप म्हणजे बुटात टाच पंज्यापेक्षा जितकी उंच असते ते माप) बुटांवरून ४ वर आलात का? टाच तेवढी खाली गेली म्हणजे प्रत्येक पावलाला पोटरी जास्त ताणली जाते. कुणाचं ऐकून पंज्यावर पळायला लागलात का? टेकडी वाढवली का? रविवारचं अंतर एका उडीत ५ किलोमीटरने वाढलं का? रोज रस्त्याच्या त्याच उतरत्या कडेने पळता का? एकाच पोटरीची तक्रार असेल तर हा शेवटचा प्रश्न आधी विचारा.

मग ताकद मोजा. जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभे राहा, भिंतीला बोटं टेकवा, गुडघा सरळ. टाच पूर्ण वर, पूर्ण खाली, सावकाश. किती होतात? नियमित पळणाऱ्याला सलग २५ च्या आसपास जमायला हवेत. बारा-पंधरावर पाय थरथरायला लागला तर तुमच्या मंगळवारच्या दुखण्याचं कारण सापडलं.

एक दिवसाआड हे करा: स्टिक दीड मिनिट, लगेच एका पायावर १२ ते १५ वेळा टाच वर, दोन सेकंदांत वर आणि तीन सेकंदांत खाली, असे तीन सेट. मग सोलियससाठी खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात, मांडीवर गुडघ्याजवळ १० किलोची तांदळाची पिशवी, आणि टाच उचला, १५ वेळा, तीन सेट. सोपं झालं की दुसरी पिशवी. सरळ पायाच्या व्यायामाला पाठीवर ५ किलोची सॅक घ्या. साधन आधी लावायचं कारण असं, की त्याने मिळालेली ती काही मिनिटांची मोकळीक पूर्ण हालचालीतला व्यायाम करायला वापरता येते. रविवारच्या आदल्या दिवशी व्यायाम नको.

पहिले दोन आठवडे पोटऱ्या उलट जास्त भरतील, तेव्हा अंतर वाढवू नका. ताकदीचा पूर्ण फरक आठ ते बारा आठवड्यांत दिसतो. सहा आठवड्यांनंतर भिंतीचं माप आणि टाचांची संख्या दोन्ही तिथल्या तिथे असतील तर फिजिओथेरपिस्टकडे जा. सोबत रोजचे बूट, गेल्या दोन महिन्यांची अंतरं, दोन्ही पायांची मापं आणि दुखणं पळताना कितव्या मिनिटाला सुरू होतं त्याची नोंद न्या.